कंसातली नोकरी

राजूर, ता. अकोले
९ नोव्हेंबर २०२५

मोनिका,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. वर आशीर्वादाच्या दोन ओळी लिहायची पद्धत आहे, पण तू त्या गाळून खाली येशील हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच गाळल्या. रुपाली नावाची माझी मैत्रीण नगरच्या गाडीवर कंडक्टर आहे. ती हे पाकीट तुझ्या हॉस्टेलच्या वॉचमनकडे ठेवेल. निदान तिच्या फेरीची लाज राखून वाच.

आईकडून कळलं की तू जानेवारीत साल्हेरपासून चालायला सुरुवात करणार आहेस. सह्याद्रीच्या धारेने खाली थेट आंबोलीपर्यंत, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर. आणि त्यासाठी कृषिसेवेची परीक्षा यंदा देणार नाहीस.

माझं म्हणणं असं की यंदा जाऊ नकोस. दुरून डोंगर साजरे, असं लोक नुसतं म्हणतात. मी ते जवळून पाहिलेत, तेव्हा मला म्हणायचा हक्क आहे. फेब्रुवारी लागला की वरची टाकी आटायला लागतात, पाण्यासाठी अर्धा डोंगर उतरावा लागतो. बूट फाटतात. एकमेकींची तोंडं बघून कंटाळा येतो, चौघींपैकी दोघींचं नक्की भांडण होतं. मोबाईलवर जे फोटो दिसतात त्यात घामाचा वास येत नाही. परीक्षा दे, नोकरी लागू दे, मग रजा काढून जा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. डोंगर कुठे जात नाहीत.

मी बरी आहे. अजून करपवाडीचीच गाडी माझ्याकडे आहे. राजूरच्या पुढे घाट चढून शेवटचं गाव, तिथे रस्ता संपतो. सध्या भाताची झोडणी चालू आहे, त्यामुळे गाडीत माणसांपेक्षा पोती जास्त. पोत्याचं तिकीट मागितलं की बायका म्हणतात, ‘ते कुठं शिटावर बसलंय?’ रोज भांडते आणि रोज हरते.

आप्पांचा फोन आला होता. सहजच. बंगल्याचं काम संपत आलंय, फेब्रुवारीत वास्तुशांती धरली आहे, तू ये, असं म्हणाले. फरशी कुठली बसवली तेही सांगितलं. मी हो म्हणाले.

तू विचार कर.

ताई


राजूर
२३ नोव्हेंबर २०२५

मोनिका,

माझंच पत्र परत पाठवलंस आणि खाली एक ओळ लिहिलीस. ‘अक्षर तुझं, भाषा आप्पांची. ते काय देतायत तुला?’

आधी राग आला. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू आलं. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ हे मी जन्मात लिहिलं नसतं. ते आप्पांचंच, फोनवर दोनतीनदा म्हणाले होते आणि माझ्या हातून तसंच उतरलं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगते.

फोन सहज नव्हता. मी खाकी घातल्यापासून आप्पा माझ्याशी बोललेले नाहीत, हे तुलाही माहीत आहे. त्या दिवशी नंबर बघून मला वाटलं आईला काही झालं. आप्पा म्हणाले, “मी बोलतोय.” मग एका दमात सगळं. “मोनी लई हट्टाला पेटलीय. तुझं ऐकंल ती. तिला थांबीव. अन् वास्तुशांतीला ये. माडीवरची एक खोली तुझ्यासाठी काढलीय.”

सगळी वाक्यं एकाला एक जोडून होती. ती का जोडली आहेत हे समजायला डिग्री लागत नाही.

मला घरी यायचंय, मोनिका. फार यायचंय. आई वर्षातून दोनदा शिर्डीला दर्शनाला म्हणून निघते, स्टँडवर माझ्याशेजारी बाकावर बसते, डब्यातलं मला खायला घालते आणि परत जाते. साईबाबांचं दर्शन बहुतेक वेळा राहूनच जातं. तिला या वयात असं चोरून भेटावं लागतं याची मला शरम वाटते. म्हणून मी आप्पांना हो म्हणाले आणि तुला ते पत्र लिहिलं. पण तू ते ओळखलंस, तेव्हा आता खरं काय झालं होतं ते सांगते. तू तेव्हा शाळेत होतीस. तुझ्या कानावर तीन गोष्टी आल्या असतील. मी दरीत पडले, मी रस्ता चुकले, आणि मी ज्ञानेश्वरबरोबर पळाले. मधली खरी आहे, पण चुकले ती आपल्या घरच्या वळणामुळे.

चाकणच्या कंपनीतले आम्ही पाचजण होतो. संगमनेरचा ज्ञानेश्वर पुढे असायचा, कारण त्याला वाटा माहीत होत्या. साल्हेर ते महाबळेश्वर असा बेत होता. डोंगरात एक रीत आहे. जिथे फाटा फुटतो तिथे पुढचा माणूस चुकीच्या वाटेवर एक फांदी आडवी टाकतो. म्हणजे मागच्यांनी समजायचं, इकडे जायचं नाही. ज्ञानेश्वरने पहिल्याच सकाळी हे सगळ्यांना सांगितलं होतं. मी तेव्हा बुटातला खडा काढत बसले होते, ऐकलं नाही.

रतनगड सोडल्यावर जंगलात एक फाटा लागला. मी मधे होते, पुढचे दिसत नव्हते, मागचे पोचले नव्हते. उजव्या वाटेवर करवंदीची काटी आडवी पडलेली. आता तू सांग, आपल्या श्रीगोंद्यात वाटेवर काटी आडवी असली की आपण काय समजतो? की हीच वाट आहे, फक्त जनावर आत शिरू नये म्हणून लावलीय. आप्पांनी लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं की काटी सरकवली तर परत लावल्याबिगर पाऊल पुढं टाकायचं न्हाई. मी काटी सरकवली, पलीकडे गेले, परत नीट लावली. वाऱ्याने हलू नये म्हणून वर दगडही ठेवला.

मागचे आले, त्यांना काटी जागच्या जागी दिसली. ते डावीकडे गेले.

पुढे उतारावर पाय मुरगळला आणि मी दिवस मावळता करपवाडीत पोचले. गाडी वळते तिथे रतनबाईंचं घर आहे, बाहेर चहाची चूल. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, हळद-तेल गरम करून पाय बांधला आणि विचारलं, डहाळी दिसली न्हाई का? मी म्हटलं, दिसली की, सरकवून आले आणि परत लावली. रतनबाई चुलीपाशी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “परत लावली!” म्हणून अख्ख्या वाडीला सांगून आल्या. अजून मला त्या नावाने हाक मारत नाहीत, ‘काटीवाली’ म्हणतात.

सुजेमुळे मला तिथे थांबावं लागलं. रेंज नव्हती. ओसरीवर बसून करायचं काय, तर संध्याकाळी येणारी एस.टी. बघायची आणि सकाळी ती निघताना बघायची. संध्याकाळच्या गाडीतून कुणाच्या गोळ्या उतरायच्या, कुणाची सायकलची ट्यूब, राजूरच्या शाळेत जाणारी पोरं, बाळंतपणाला माहेरी आलेली एखादी. सकाळी हिरड्याची पोती, आजारी माणसं, बाजाराला निघालेल्या बायका. एका सकाळी एक बाई पोर कडेवर घेऊन उतारावरून पळत येत होती. कंडक्टरने गाडी धरून ठेवली, वाडीकडे तोंड करून ओरडला, “राह्यलं का कुनी?” आणि कुणी राहिलं नाही बघून डबल बेल दिली.

मला ते काम आवडलं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. चाकणला मी मशीनवरचे आकडे तपासायचे, ती मशीन शेवटी काय करते हे कधी पाहिलं नव्हतं. चालताना मात्र सवय लागली होती की सकाळी एका गावातून निघायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात पोचायचं. पोचलो की तो दिवस संपला, त्यात शिल्लक काही नाही. परत येऊन खुर्चीवर बसले तर ती खुर्ची मला बसेना. तरी दोन वर्षं ओढली. मग एस.टी.ची भरती निघाली तेव्हा कंडक्टरचा बिल्ला काढला आणि अर्ज भरला.

बाकीचं तुला माहीत आहे. सुजेला उतार पडल्यावर मी माळशेजला बाकीच्यांना गाठलं आणि महाबळेश्वरपर्यंत चालत गेले. पण तोवर ज्ञानेश्वरने घाबरून घरी फोन केला होता की धनश्री सापडत नाही. माझं जमलेलं लग्न त्याच्यात गेलं. मुलाकडच्यांनी विचारलं, मुलगी कुठं होती. मी म्हटलं, एका बाईच्या ओसरीवर, पाय बांधून. त्यांना ते पटलं नाही, कारण त्यात ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. त्या मुलाने मला तोवर काहीही विचारलेलं नव्हतं, चहात साखर किती हेसुद्धा नाही. लग्न मोडल्याचं दुःख आप्पांना झालं, मला नाही.

आणि एक लक्षात ठेव. ज्ञानेश्वर आता संगमनेरला विमा विकतो आणि डोंगराचं नाव काढत नाही. आमच्यातली दुसरी एक चाकणलाच आहे, तिला बढती मिळाली, सुखात आहे. चाललो सगळे तेवढंच. तेव्हा चालण्याने आयुष्य बदलतं असं कुणी सांगितलं तर त्याला गाडीतून खाली उतरव. आपल्याला कसला दिवस आवडतो एवढं मात्र चालताना कळतं. कळल्यावर ते विसरता येत नाही आणि त्याची किंमत घरचे वसूल करतात. माझ्याकडून केली. त्यातली अर्धी तुझ्याकडून वसूल झाली, तुला शाळेच्या सहलीला कधी पाठवलं नाही, हेही मला आईने सांगितलंय.

म्हणून पहिलं पत्र फाडून टाक. जा तू. परीक्षा पुढच्या वर्षी असतेच. फक्त माझ्यासारखं काही होईल म्हणून जाऊ नकोस, आणि होणार नाही म्हणून राहू नकोस.

ताई


अकोले
२१ डिसेंबर २०२५

मोनिका,

तुझं चार पानांचं पत्र आलं. हॉस्टेलच्या जेवणापासून सगळं वाचलं. तुझा माझ्यावर किती राग होता तेही वाचलं. आणि शेवटी लिहिलंस, ‘तू घरी ये. मी पुढच्या वर्षी जाईन.’ ते वाचून मी डेपोतल्या लेडीज रूममध्ये रडले. रुपालीला वाटलं मेमो मिळाला.

पण तसं करायचं नाही. का ते सांगते. मधे दोन गोष्टी घडल्या आहेत.

पहिली म्हणजे पत्रिका आली. तुलाही आली असेल. गणपती, कलश, बंगल्याचा फोटो, आणि खाली निमंत्रकांची रांग. आपल्याकडे नावापुढचा कंस रिकामा ठेवत नाहीत. पुंजाराम काका किती महिने उपसरपंच होते कुणाला आठवत नाही, पण ‘माजी उपसरपंच’ कंसात आहेच. आपल्या भावाच्या, आदिनाथच्या कंसात ‘प्रगतिशील शेतकरी’. तुझ्या कंसात ‘एम.एस्सी. ॲग्री.’ आणि माझं नाव काय छापलंय बघ. ‘कु. धनश्री (इंजिनिअर, पुणे)’.

माडीवरची खोली कुणासाठी काढली आहे ते मला तेव्हा कळलं. त्या पुण्याच्या इंजिनिअरसाठी. मी आईकरवी निरोप दिला की या कंसात बसून मी येणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की मंगळवारी आप्पा माझ्या गाडीत येऊन बसले.

अकोल्याच्या स्टँडवरच चढले. धुतलेली टोपी, हातात पिशवी, मधल्या सीटवर खिडकीपाशी. मी तिकिटं काढत काढत त्यांच्यापाशी गेले. रोजचंच विचारलं, कुठं जायचं. ते म्हणाले, शेवटाला. मी म्हटलं, ज्येष्ठ नागरिक आहात, अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड दाखवा.

“मला वळकीत न्हाईस व्हय?”

“ओळखते. पण कार्ड लागतं.”

शेजारचे दोघेतिघे हसले. आप्पांनी पिशवीतून कार्ड काढून दाखवलं आणि तिकीट दोन्ही बाजूंनी वाचलं. घाटात सगळा वेळ पुढचा दांडा धरून बसले होते. त्यांना वळणांचा त्रास होतो हे मी विसरलेच होते. मधे थांबून ड्रायव्हरकडून आवळासुपारी मागून त्यांना दिली. ती त्यांनी घेतली. मी उतारूंशी काय बोलते, कुणाला ओरडते, कुणाचं पोर उचलून वर घेते, ते सगळं बघत होते.

करपवाडीला गाडी रिकामी झाली. ड्रायव्हर चहाला गेला. आम्ही दोघंच आत राहिलो. आप्पा म्हणाले की पत्रिका वाटून झाल्या आहेत, आता बदलायचं काय. मी म्हटलं, लोकांना तोंडी सांगता येतं.

“काय सांगू? समद्यांस्नी म्या तू पुन्यालाच हाईस म्हनून सांगतोय. कारखान्यावर कोन म्हनतं, सूर्यभाननं पोरीला इंजिनेर केली अन् ती घंटी वाजवती. तुला हितं डोंगरात ऐकू येत न्हाई. मला रोज येतं.”

हे खरं आहे, मोनिका. मला इथे ऐकू येत नाही. ते सगळं इतकी वर्षं आप्पांनी एकट्याने ऐकलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं, तसं मी त्यांना म्हणालेही. पण लाज त्यांना वाटते म्हणून नोकरी माझी लपवायची, हे मला जमणार नाही. मी म्हटलं, “आप्पा, मी घरी येईन ती हीच येईन. दुसरी कुणी माझ्याकडे नाही.”

त्यांनी मग विचारलं, मोनीला पत्र लिवलं का. मी हो म्हटलं. काय लिवलं म्हणाले.

“जा म्हणून लिहिलं.”

त्यांचा चेहरा पडला. चिडले असते तर बरं झालं असतं. पिशवीचे बंद हातात घट्ट धरून म्हणाले, “मंग तुझं तू बघ. तिकडं येऊ नको.”

एवढं बोलून ताडकन निघून जावं म्हटलं तरी जाणार कुठे, करपवाडीहून दुसरी गाडी नाही. रतनबाईंनी चहा विचारला, तो घेतला नाही. माझ्याच गाडीत, त्याच सीटवर बसून परत आले. मी तिकिटाला गेले तर मागायच्या आत कार्ड पुढे धरलं. अकोल्याला पुढच्या दाराने उतरले आणि मागे पाहिलं नाही.

म्हणून म्हणते, तू थांबून आता काही साधणार नाही. तू थांबलीस तरी मी त्या कंसातून घरी येणार नाही, आणि दुसऱ्या कशातून आप्पा मला घेणार नाहीत. हे माझं आणि त्यांचं आहे, तुझ्या बुटांशी त्याचा संबंध नाही. मला वाईट वाटतंय का? वाटतंय. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे हे मी आईला विचारूनही ठेवलं होतं.

मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालायला ठेव, तो दिवसा कितीही मोह झाला तरी पिशवीतून काढू नकोस. मीठ-साखर बरोबर असू दे. आणि पुढचा माणूस काय सांगतो ते सकाळी नीट ऐक, बुटातला खडा नंतर काढता येतो.

निघताना आप्पांना तोंडावर सांगून नीघ. चोरून जाऊ नकोस. ओरडतील, ते ऐकून घे, मग पाया पड आणि नीघ.

ताई


करपवाडी
९ फेब्रुवारी २०२६

मोनिका,

हे पत्र रतनबाईंकडे ठेवते आहे. कुलंगच्या पायथ्याहून तुझा मेसेज आला, त्यावरून तुम्ही तीनचार दिवसांत इथे पोचाल. आदिनाथ सांगत होता की तू निघालीस त्या सकाळी आप्पा ओरडलेच नाहीत, नुसते गोठ्यात जाऊन बसले आणि तू तिथे जाऊन त्यांच्या पाया पडलीस. बरं केलंस.

परवा वास्तुशांती झाली. मी रजा मागितली नव्हती. उलट त्या दिवशी सुट्टी होती आणि माझ्या गाडीवर रुपाली जाणार होती, तर तिच्याशी बदलून ड्युटी घेतली. रिकामं बसले असते तर दिवस गेला नसता. सकाळची फेरी, दुपारची फेरी. दुपारी इथे रतनबाईंनी विचारलं, काटीवाले, आज गप का. मी म्हटलं, आमच्या घरी आज जेवणं आहेत. त्यांनी मला न विचारता भाकरी आणि ठेचा समोर ठेवला. त्या समोर बसून राहिल्या म्हणून खाल्लं. मला दिवसभर तो मांडव दिसत होता. आई कुठे उभी असेल, नवी साडी नेसली असेल का, पूजेला बसताना तिचे गुडघे दुखले असतील का, हेच डोक्यात.

संध्याकाळी राजूरला खोलीवर आले आणि आईचा फोन आला. माडीवरच्या खोलीतून बोलत होती, खाली माणसं होती म्हणून. ती म्हणाली, मी सांगते ते मधे न बोलता ऐक.

दुपारी पहिली पंगत बसली होती. कारखान्याची माणसं, सोसायटीचे, सोयरे, सगळे त्याच पंगतीत. आई बुंदी वाढत होती. पुंजाराम काकांनी तोंडात घास असतानाच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “सूर्यभान, थोरली दिसत न्हाई ती? पुन्याहून आली न्हाई का?”

आई म्हणाली, माझा हात बुंदीतच राहिला.

आप्पा पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होते. ते थांबले. मग म्हणाले, “पुन्याला न्हाई ती. यष्टीत कंडक्टर हाय, अकोल्याला. घाटातली गाडी हाय तिच्याकडं.”

काका म्हणाले, पत्रिकेत तर इंजिनिअर आहे.

“छापनाऱ्याची चूक,” आप्पा म्हणाले. “यायची हुती ती. रजा न्हाई मिळाली.”

आणि काकांच्या पेल्यात पाणी ओतून पुढे गेले. मग कारखान्यातल्या कुणीतरी विचारलं की घाटात बायकांना कशी काय गाडी देतात. आप्पा म्हणाले, म्या बसून आलोय, बेस चालवती. त्यावर तो म्हणाला, चालवतो तर ड्रायव्हर. आप्पा त्याच्यावर खेकसले आणि म्हणाले, गाडी कंडक्टरच चालवतो, ड्रायव्हर नुसता चाक धरतो.

हे वाक्य आमच्या ड्रायव्हरला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

रजेचं त्यांनी धडधडीत खोटं सांगितलं. मी रजा मागितलीच नव्हती, आणि येऊ नको तर त्यांनीच म्हटलं होतं. पण इतकी वर्षं ते माझ्या नोकरीबद्दल खोटं बोलत आले. परवा पहिल्यांदा नोकरी खरी सांगितली आणि खोटं रजेबद्दल बोलले. अपमान व्हायचा तो त्यांचा व्हायचा होता, भर पंगतीत, आणि तो त्यांनी हातात जग धरून उभ्याउभ्या घेतला.

फोन ठेवताना आईने विचारलं, “खरंच रजा मिळाली नव्हती का गं?”

मी म्हटलं, “नव्हती मिळाली.”

आज सकाळी आगारात गेले आणि रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं, घरगुती म्हटलं, सही झाली. त्यामुळे तू इथे पोचशील तेव्हा गाडीवर मी नसेन, दुसरी कुणी असेल. तिच्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडू नकोस. रतनबाईंना सांगून ठेवलंय, तुम्हा चौघींना भाकरी मिळेल. पाय दाखव त्यांना, लपवू नकोस. आणि इथून पुढे मी गेले तिथे जाऊ नकोस, तुमची वाट वेगळी आहे.

उद्या पहाटे श्रीगोंद्याला निघते. आप्पांना कळवलेलं नाही, आईलाही नाही. दारात आप्पाच उभे असतील आणि काय गं, कशी काय आलीस म्हणून विचारतील. मी त्यांना सांगणार आहे, रजा मिळाली.

ताई